मक्या ओकला, चेंडू उपाशी

प्रश्न : मुलगा शिक्षणासाठी बाहेर गेला आणि जाताना त्याचे दोन साप माझ्या गळ्यात टाकून गेला. आता गळ्यात पडलेच आहेत, तर जीवही लागला आहे. एक बॉल पायथन, म्हणजे अजगर कुळातला साप, सहा वर्षांचा नर, नाव चेंडू. दुसरा कॉर्न स्नेक, आठ महिन्यांचा, नाव मक्या. चेंडूने तीन महिने अन्नाला तोंड लावलेलं नाही. दर चार दिवसांनी उंदीर ठेवते, सकाळी तसाच उचलते. एकटा पडला असेल म्हणून त्याची पेटी मुलाच्या खोलीतून बैठकीच्या खोलीत आणली, तरी फरक नाही. वजन १५२० ग्रॅम होतं, ते १४६० झालंय. मला रात्र रात्र झोप येत नाही.

मक्याचं त्यामानाने किरकोळ आहे. तो नेहमी उंदराचं ८-९ ग्रॅमचं पिल्लू खातो. तीन आठवड्यांपूर्वी त्याला चांगला २४ ग्रॅमचा उंदीर दिला, आनंदाने गिळला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले होते, त्यांनी हातात घेऊन बघितला. तिसऱ्या दिवशी उंदीर अख्खाच्या अख्खा ओकला, वास विचारू नका. पोट रिकामं झालं म्हणून दोन दिवसांनी पुन्हा तेवढाच दिला. चौथ्या दिवशी तोही ओकला, अर्धवट विरघळलेला. त्याला आता १२ दिवस झाले. मध्ये दोनदा देऊन पाहिलं, तोंड फिरवतो. शीसुद्धा केलेली नाही. ओळखीच्या एकांनी तोंडात तेलाचे थेंब सोडायला सांगितलंय. चेंडूला जिवंत उंदीर द्या, असंही तेच म्हणाले. मक्याचं वजन ९० वरून ७९ ग्रॅम झालंय. त्याच्या हीट मॅटचं, म्हणजे पेटीला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईचं बटण मी रात्री बंद करते, वायर तापून काही व्हायला नको म्हणून. काचेवर चिकटवलेली तापमानाची तबकडी दिवसा २९ दाखवते. मुलाची परीक्षा आहे, त्याला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगू का?

उत्तर : ताई, तुमची काळजी खरी आहे, फक्त ती चुकीच्या पेटीसमोर बसली आहे. चेंडूसाठी रात्र जागवू नका. ज्याचं तुम्ही किरकोळ म्हणून दोन ओळींत उरकायला निघाला होता, त्या मक्याकडे आजच बघायचं आहे.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. तुम्हीच लिहिलेले आकडे ते सांगतात, आणि वजनं नोंदवून ठेवल्याबद्दल तुमचे आधी आभार मानतो. मला येणाऱ्या दहा पत्रांपैकी नऊ पत्रांत 'खूप बारीक झालाय' एवढंच असतं. चेंडूने तीन महिन्यांत ६० ग्रॅम गमावले, म्हणजे शरीराच्या चार टक्क्यांच्या आसपास. मक्याने तीन आठवड्यांत ११ ग्रॅम गमावले, म्हणजे बारा टक्क्यांहून जास्त. सापाचं वजन दहा टक्क्यांनी उतरलं की आम्ही वाट बघणं थांबवतो आणि डॉक्टर गाठतो. ती रेघ मक्याने ओलांडली आहे. चेंडू तिच्या अर्ध्यातही आलेला नाही. जाता जाता, ज्या काट्यावर साप मोजता त्याच काट्यावर पीठ मोजत असाल, तर पिठासाठी दुसरा काटा आणा.

आधी चेंडूचं सांगतो, म्हणजे तुमचं मन मक्यासाठी मोकळं होईल.

बॉल पायथन हा दबा धरून बसणारा शिकारी. सावज समोरून जाईपर्यंत तो हलत नाही, आणि सावज रोज समोरून जात नाही. अशा सापांचं पोट आपल्यासारखं कायम पेटलेल्या चुलीसारखं नसतं. दोन जेवणांच्या मधल्या काळात ते चूल विझवून टाकतात. बर्मीज अजगरांवर स्टीफन सेकॉर आणि जेरेड डायमंड या शास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे. उपाशी अजगराच्या जठरात आम्ल जवळजवळ नसतंच, आतला द्रव साध्या पाण्याच्या जवळपास असतो. सावज पोटात गेलं की एका दिवसात तिथलं पीएच दोनच्या आसपास उतरतं, म्हणजे आत तीव्र आम्ल तयार होतं. लहान आतड्याचं वजन दुपटीच्या घरात जातं, यकृत आणि मूत्रपिंडंही वाढतात. जेवण पचलं की हा सगळा पसारा पुन्हा आवरून ठेवला जातो. चालू ठेवायला इंधन लागतं म्हणून बंद करतात, इतका साधा हिशेब. म्हणून अजगर कुळातला धडधाकट प्रौढ साप महिनोन्‌महिने उपाशी राहतो आणि त्याचं फारसं बिघडत नाही. त्यातही बॉल पायथनचा प्रौढ नर प्रजननाच्या काळात अन्न सोडून बसतो, हे त्याला पाळणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. मादी पोटुशी असली की तीही खात नाही. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ, निळसर झाले की बहुतेक साप नीट खात नाहीत.

म्हणजे चेंडूला काही झालेलं नाही, असं मी छातीठोकपणे म्हणतो का? नाही, कारण मी त्याला पाहिलेलं नाही. पण तुमच्या पत्रात त्याच्या रुसण्याची दोन कारणं दिसतात, आणि दोन्ही तुमच्या मायेतून आलेली आहेत.

पहिलं, तुम्ही त्याची पेटी माणसांच्या वर्दळीत आणलीत. ताई, सापाला एकटेपणा वाटत नाही. त्याला वाटते ती भीती. समोरून सारखी पावलं जातायत, सावल्या हलतायत, दारं आपटतायत, आणि लपायला जागा पुरत नाहीये. बॉल पायथन निसर्गात दिवसाचा मोठा भाग बिळात काढतो, तिथे त्याच्या अंगाला चारही बाजूंनी माती टेकलेली असते. तेवढा स्पर्श मिळाला की तो निर्धास्त होतो. पेटी परत शांत खोलीत न्या. दोन लपणी ठेवा, एक गरम टोकाला आणि एक थंड टोकाला, म्हणजे लपायचं की ऊब घ्यायची असा पेच त्याला पडणार नाही. लपण इतकंच मोठं हवं की वेटोळं घातल्यावर पाठ छताला टेकली पाहिजे. माणसाला कोंदट वाटेल अशी जागा त्याला आवडते. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावला तरी चालेल. गरम टोकाचं तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड टोकाचं २५ ते २७, आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास.

दुसरं, दर चार दिवसांनी उंदीर दाखवणं. भूक नसलेल्या माणसासमोर कुणी तासातासाला ताट आणून ठेवलं तर त्याचं काय होईल? चेंडूला आता तीन आठवडे काहीही दाखवू नका. नंतर दाखवाल ते संध्याकाळनंतर, दिवे मंद करून, चिमट्याने आणि गरम. हे शेवटचं फार महत्त्वाचं. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खाचांची रांग असते, तिच्याने त्याला उष्णता 'दिसते'. थंडगार उंदीर त्याच्या लेखी दगड. उंदराचं अंग बाहेरून ३८ ते ४० अंशांपर्यंत कोमट करा, डोकं किंचित जास्त गरम असलं तर उत्तमच. वीस मिनिटांत घेतला नाही तर उचला आणि पुढचे पंधरा दिवस विषय बंद. रात्रभर तसाच ठेवू नका.

जिवंत उंदीर तर मुळीच नको. भूक नसलेल्या सापाजवळ सोडलेला उंदीर काही वेळ घाबरतो. मग त्याला भूक लागते आणि तो समोर असलेली मांसल गोष्ट कुरतडायला लागतो. पाठीचा कणा उघडा पडलेले अजगर मी टेबलावर घेतले आहेत. सापाने प्रतिकार का केला नाही, असा प्रश्न मालकांना पडतो. तो कुरतडणाऱ्या सावजाशी लढत नाही, अंग चोरून पडून राहतो.

आठवड्यातून एकदा त्याचं वजन लिहा. १५२० मधून १५२ वजा करा, म्हणजे १३६८. तिथे काटा आला किंवा त्याआधी नाकातोंडात फेस, तोंड उघडून श्वास, हिरड्यांवर पिवळट थर, खवल्यांच्या कडांना मिरीच्या कणांएवढे काळे किडे यांतलं काही दिसलं, तर डॉक्टर. नाहीतर त्याला त्याच्या वैराग्यात राहू द्या. तोही शी करत नाही म्हणून उद्या पत्र लिहाल, म्हणून आत्ताच सांगतो : खाल्लंच नाही तर येणार कुठून? शिवाय जड अंगाचे साप खाल्ल्यावरसुद्धा विष्ठा बराच काळ आत धरून ठेवतात, काही जातींत तर महिनोन्‌महिने.

आता मक्या.

कॉर्न स्नेक हा वेगळ्या चालीचा प्राणी. तो दबा धरून बसत नाही, हिंडून शोधतो, थोडं थोडं आणि वरचेवर खातो. त्याची चूल सहसा पूर्ण विझत नाही. त्यातून तो आठ महिन्यांचा, वाढीच्या वयातला. चरबीची शिल्लक नाही. चेंडूने तीन महिने उपास केला तर ती त्याची सवय, मक्याने तीन आठवडे केला तर ती अडचण. आणि मक्याने नुसता उपास केलेला नाही, तो दोनदा ओकला आहे. न खाणं आणि ओकणं यांत फार मोठं अंतर आहे. न खाणारा साप स्वतःला सांभाळत असतो. ओकणारा साप काहीतरी गमावत असतो : पाणी, क्षार, जठरातलं आम्ल, आतले उपयोगी जिवाणू. वर येताना ते आम्ल अन्ननलिका पोळत येतं ते वेगळंच. प्रत्येक ओकारीनंतर पुढची ओकारी सोपी होते, आणि लहान साप या चक्रात दगावतात.

पहिल्यांदा तो का ओकला, याचं उत्तर तुमच्या पत्रात तीन ठिकाणी विखुरलेलं आहे. नेहमीचं पिल्लू ८-९ ग्रॅमचं, म्हणजे त्याच्या वजनाच्या दहा टक्के, अगदी योग्य. त्यावरून तुम्ही एकदम २४ ग्रॅमवर गेलात. ते झाले सत्तावीस टक्के. साठ किलोच्या माणसाने एका बैठकीत सोळा किलो जेवावं, तसं. साप आनंदाने गिळतो हे खरं, पण गिळण्याचा आनंद आणि पचवण्याची ताकद ही दोन वेगळी खाती आहेत. वाढत्या सापाला दहा ते पंधरा टक्के पुरे. काटा हाताशी नसेल तर डोळ्याने बघायचं, सावज सापाच्या सर्वांत जाड भागाहून जाड नको. वाढवायचं तेही पायरीपायरीने.

मग दुसऱ्या दिवशी तो पाहुण्यांच्या हातात गेला. घाबरलेला साप पळायला हलकं व्हावं म्हणून पोटातलं बाहेर टाकतो. जंगलात ही अक्कलहुशारी आहे, बैठकीच्या खोलीत ते नुकसान. खाल्ल्यावर किमान दोन पूर्ण दिवस हात लावायचा नाही, मोठं जेवण असेल तर पोटाचा फुगवटा जाईपर्यंत नाही. खाण्यासाठी वेगळ्या डब्यात नेणं हा जुना प्रकारही याच कारणाने आम्ही सोडून दिला. जेवण आटोपल्यावर उचलून परत आणणं हीदेखील हाताळणीच.

पण माझ्या मते खरा घाव घातला तो रात्रीच्या बटणाने. साप स्वतःची ऊब तयार करत नाही. पोटातल्या पाचक रसांना काम करायला जी ऊब लागते, ती बाहेरून यावी लागते. तुम्ही रात्री मॅट बंद केली की त्याच्या पोटातलं पचन मंदावतं, पण उंदरातले जिवाणू आपलं काम थांबवत नाहीत. पचन आणि कुजणं यांची शर्यत लागते. लहान पिल्लू असताना पचन जिंकत होतं, म्हणून इतके दिवस काही कळलं नाही. २४ ग्रॅमच्या उंदराच्या वेळी कुजणं जिंकलं. तुम्ही म्हणता तो वास त्याचाच. सडलेलं बाहेर टाकलं हे मक्याने शहाणपणाचंच केलं.

तुमची वायरीची भीती मात्र रास्त आहे. नियंत्रण नसलेली मॅट चाळीस अंशांच्या वर जाऊ शकते आणि साप पोटाखाली भाजून निघतो, कारण त्याला खालून येणारा चटका वेळेवर कळत नाही. यावर उपाय थर्मोस्टॅट, म्हणजे ऊब ठरवलेल्या आकड्यावर रोखून धरणारं यंत्र. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, मॅटच्या बरोबर वर, साप जिथे पडतो त्या जागी कागदाखाली पक्का बसवा आणि गरम टोकाचा पृष्ठभाग २९ ते ३१ अंशांवर लावून ठेवा. थंड टोक २२ ते २४. दिवसरात्र चालू. काचेवरची ती गोल तबकडी काढून टाका. ती काचेजवळच्या हवेचं तापमान दाखवते, मक्याच्या पोटाखालचं नाही. बारीक वायरीचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि रात्री झोपताना एकदा व पहाटे एकदा आकडा बघा.

आणि दुसरी ओकारी? ती तुम्ही दोन दिवसांत पुन्हा खायला घातल्याची. रागवत नाही, कारण हेच मी केलेलं आहे. फार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण किंगस्नेक होता. तो ओकला, मी घाबरलो, तीन दिवसांनी दिलं, तो ओकला. आठवड्याने पुन्हा दिलं, कारण तो जिभा काढत पेटीभर हिंडत होता आणि मला वाटलं की मागतोय. त्याने घेतलंही. तिसऱ्यांदा ओकल्यावर तो पाच दिवसांत गेला. किंगस्नेकची भूक पोट बरं झाल्याचा पुरावा नसते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मक्या आता तोंड फिरवतोय, याचं मला म्हणूनच बरं वाटलं. तो तुमच्या-माझ्यापेक्षा शहाणा आहे.

तर आता करायचं काय? आज मॅट चालू करा, आकडे जाग्यावर आणा. ताजं पाणी ठेवा, वाटी एवढी रुंद की त्याला वाटलं तर आत शिरून बसता यावं. मुद्दाम धरून पाण्यात बसवू नका. पेटीत लाकडाचा भुसा किंवा बारीक खडे असतील तर काढून साधा कागद अंथरा, म्हणजे शी, श्लेष्म, रक्त जे काही येईल ते दिसेल. झाका, आणि वजन करण्यापुरतं आठवड्यातून एकदा सोडून हात लावू नका. अन्न दाखवू नका.

तेलाचे थेंब मुळीच नकोत. सापाची श्वासनलिका जिभेच्या लगेच मागे उघडते, तोंडात सोडलेलं तेल पोटाऐवजी फुप्फुसात जाण्याची शक्यता मोठी, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया बरा करणं महाकठीण. मुळात त्याला बद्धकोष्ठता झालेली नाही. जे आत गेलं ते तोंडावाटे परत आलं, मग मागून काय येणार? खरी बद्धकोष्ठता वेगळी दिसते. साप खातोय, पचवतोय, पण शेपटीकडच्या तिसऱ्या भागात कडक गाठ, ताणून बसणं, शेपटी उचलून धरणं. ती बहुधा पाणी कमी, ऊब कमी किंवा अंथरलेलं काहीतरी गिळल्यामुळे होते. तेव्हासुद्धा २८-३० अंशांच्या उथळ पाण्यात, डोळ्यांसमोर, पंधरा-वीस मिनिटं एवढंच घरी करायचं. पोट दाबून काढायला गेलात तर आतडं फाटतं. आणि शेपटीखालच्या द्वारातून गुलाबी-लाल मांसल भाग बाहेर दिसला, तर तो मिठाच्या सौम्य सलाइनने ओला ठेवून तासाभरात दवाखाना.

मक्यालाही दवाखान्यात न्यायचंच आहे, याच आठवड्यात, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करणाऱ्याच डॉक्टरांकडे. एकदा ओकला असता तर मी म्हटलं असतं, ऊब सुधारा आणि दोन आठवडे थांबा. दोनदा ओकला, वर बारा टक्के वजन गेलं, म्हणून फक्त थांबणं पुरेसं नाही. बहुतेक तुमच्या चुकांनीच झालंय असं मला वाटतं, पण 'बहुतेक'वर लहान जीव ठेवू नये. जाताना ताजी विष्ठा मिळाली तर छोट्या बंद डबीत, थंड जागी ठेवून, चोवीस तासांच्या आत न्या. नाही मिळाली तर डॉक्टर नमुना घेण्याची दुसरी पद्धत काढतील. पुन्हा ओकलाच तर ते फेकू नका, फोटो काढा आणि पिशवीत बांधून सोबत न्या. कृमी, एकपेशीय परजीवी, जिवाणूंचा संसर्ग, एवढं तपासलं जाईल. त्यात एका नावाची तपासणी मुद्दाम करून मागा : क्रिप्टोस्पोरिडियम. हा परजीवी जठराच्या भिंतीत घर करतो, भिंत जाड होत जाते, शरीराच्या मध्यावर बोटांना लागेल असा फुगवटा येतो आणि साप खाल्ल्यानंतर काही दिवसांनी ओकत राहतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही. तो नेहमी विष्ठेतून बाहेर पडतोच असंही नाही, म्हणून एक नमुना कोरा आला तरी डॉक्टर दुसरा-तिसरा मागतील, कुरकुर करू नका. घरात वापरायच्या ब्लीचला हा जीव भीक घालत नाही. म्हणून निकाल हातात येईपर्यंत दोघांचे चिमटे, वाट्या, पुसायचे कपडे वेगळे, आधी चेंडूचं आवरायचं आणि मग मक्याचं, कधीही उलट नाही, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात. साबणाचं कारण तुमच्यासाठीही आहे. साप निरोगी असला तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, पाच वर्षांखालच्या मुलांना त्यांच्यापासून लांबच ठेवा आणि वाट्या स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नका.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की मग जेवण. शेवटच्या ओकारीला १२ दिवस झालेत. पण मी दिवस मोजायला सुरुवात करेन ती ऊब जाग्यावर आल्यापासून, म्हणजे आजपासून, आणि किमान दोन आठवडे धरेन. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका, त्यांनी साप पाहिलेला असेल. पहिलं जेवण ३-४ ग्रॅमचं पिल्लू, एकच. त्याने जीभ काढून मागितल्यासारखं केलं तरी दुसरं नाही. गोठवलेलं पिल्लू रात्रभर फ्रिजमध्ये बंद डब्यात वितळवा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात बुडवा आणि पोट चिमटून बघा. मध्यभाग अजून गार किंवा कडक लागला तर थांबा. आत बर्फ राहिलेला उंदीर हेही ओकण्याचं एक नेहमीचं कारण आहे. मायक्रोवेव्ह नको, तो एका जागी शिजवतो आणि दुसऱ्या जागी गोठलेलं ठेवतो. शिवाय कधीतरी फुटतो, मग तुम्ही मला वेगळंच पत्र लिहाल.

ते राहिलं तर आठ ते दहा दिवसांनी तेवढंच. पुन्हा राहिलं तर पाच ग्रॅम. अशी तीन-चार जेवणं नीट पचली, शी झाली, तिच्यात पांढरा खडूसारखा भाग आणि तपकिरी भाग दोन्ही दिसले, की हळूहळू ८ ग्रॅमवर या. २४ ग्रॅमचा उंदीर तो खाईल, पण तेव्हा तो स्वतः पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचा असेल. आणि दोन आठवड्यांनंतर समोर ठेवलेलं पिल्लूही त्याने नाकारलं, तर जबरदस्तीने तोंडात कोंबायचं नाही. नळीने भरवणं हे डॉक्टरांचं काम आहे, घरी केल्यास जबडा दुखावतो आणि साप जन्मभर चिमट्याला घाबरतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मुलाला सांगा, आजच सांगा. परीक्षेतून पाच मिनिटं गेली तर जातील. डॉक्टर तुम्हाला विचारणार आहेत की मक्या कुठून आणला, आणला तेव्हा वेगळा ठेवला होता का, दोघांना एकाच चिमट्याने खायला घालत होता का. ही उत्तरं तुमच्याकडे नाहीत, त्याच्याकडे आहेत. त्याने वजनाची वही ठेवली असणार, वजन करायची सवय तुम्हाला लावली ती त्यानेच. ती काढायला लावा आणि चेंडूचं मागच्या वर्षीचं, त्याच्या मागच्या वर्षीचं पान बघा. याच महिन्यांत त्याने उपास धरला होता का, किती दिवस, आणि सोडला कधी. आणि त्याला हेही विचारा, मक्याच्या मॅटचा थर्मोस्टॅट कुठल्या खणात ठेवलाय. इतकी वजनं नोंदवणाऱ्या मुलाने तो घेतला नसेल, असं मला वाटत नाही.